डीपी : आपला संबंध नाही

मी कागद उलटून पाहिला नाही. एवढीच माझी चूक. सांगायला एक ओळ पुरते, आणि करायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ती केली असती तर एव्हाना विसरूनही गेलो असतो; स्वतःच्या चुका विसरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. पण ती मी माझ्या मामेसासऱ्यांच्या बाबतीत केली, आणि माझे मामेसासरे म्हणजे या पृथ्वीच्या पाठीवर उलटून न पाहिलेली एकही वस्तू शिल्लक राहू नये, एवढ्याचसाठी जन्माला आलेला माणूस. देवाने पृथ्वी त्यांच्या हातात दिली असती तर त्यांनी आधी ती उलटी करून खालचा टाका तपासला असता आणि मगच सूर्याला फिरायची परवानगी दिली असती.

हे मामा, म्हणजे बायकोचे सख्खे मामा आणि त्या नात्याने माझेही मामाच, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं चेकर होते. मागावरून उतरलेला टॉवेल त्यांच्या टेबलावर यायचा. ते आधी सरळ बाजूवरून तळहात फिरवायचे, आजारी पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग टॉवेल उलटा. मग दोन्ही कोपरे धरून उत्तरेच्या खिडकीसमोर, उजेडात. तुटलेला धागा, तेलाचा डाग, सुटलेला काठ, काहीही दिसलं की शर्टाच्या खिशातला निळा खडू निघायचा आणि टॉवेलच्या कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं उमटायची : डीपी. म्हणजे डॅमेज पीस. कारखान्याचा मालक समोर उभा असला तरी ती अक्षरं पुसली जायची नाहीत. एकतीस वर्षांत त्यांनी पास केलेला एकही पीस गिऱ्हाइकाकडून परत आला नाही, असं ते सांगत. आणि सांगताना आवाज एकदम खाली आणत, कारण दृष्ट काय टॉवेललाही लागते. "सरळ बाजू दाखवायला असती, जावईबापू," ते मला म्हणायचे, "माल उलट्या बाजूला असतो." आणि मग त्यांच्या घरच्या कन्नडमध्ये पुढचं वाक्य यायचं, जे आमच्या सगळ्या नातेवाइकांना गायत्री मंत्रासारखं पाठ होतं : "तिरगिसि नोड्री." उलटून बघा.

ही सवय कारखान्याच्या गेटपाशी सोडून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. हॉटेलात बसले की वाढप्याने ठेवलेलं ताट आधी पालथं व्हायचं. लग्नपत्रिका ते मागून पुढे वाचायचे, त्यामुळे मुहूर्त कळायच्या आधी छापखान्याचं नाव कळायचं. एका स्वागतसमारंभात ते रांगेतून स्टेजवर गेले, नवरीला आशीर्वाद दिला, आणि तिच्या खांद्यावरचा शालूचा पदर दोन बोटांनी उलटा करून म्हणाले, "बाळ, काठ सुटायला लागलाय. दुकानदाराला दाखव." नवरीच्या सासूने तो शालू घेतला होता. त्या दोन घराण्यांमध्ये पुढे जे काही झालं त्याची सुरुवात तिथे झाली, असं आमच्यात मानतात.

मलाही त्यांनी तपासलेलं आहे. मुलगी बघायला मी गेलो तेव्हा चहा-पोहे, नाव-गाव, पगार-पाणी सगळं उरकलं, मी सुटलो असं वाटलं, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले हे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "जरा खिडकीपाशी या." मी गेलो. "आता मागं वळा." मी वळलो. माझ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा डाग होता. कोट घालून तो झाकावा एवढी अक्कल मला होती, पण कोट नव्हता. मग माझ्या भावी सासऱ्यांना त्यांनी सांगितलं, "पुढनं बघितला, मागनं बघितला. डाग धुऊन जाईल. पास." या एका शब्दाच्या जोरावर मी त्या घरात चोवीस वर्षं जावई म्हणून मिरवलो. माझ्या स्वतःच्या वडिलांनी मला असं प्रशस्तिपत्र कधी दिलं नाही. लग्नात मामांचा आहेर म्हणून डझनभर टॉवेल आले, अर्थात डीपी. कारखाना दिवाळीला असा माल कामगारांना स्वस्तात द्यायचा, त्यामुळे आमच्या अख्ख्या गोतावळ्याने पिढ्यान्‌पिढ्या डीपीनेच अंग पुसलं आहे. त्यातल्या पहिल्याच टॉवेलला रुपयाएवढं भोक होतं. मी बिचकलो, तर मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. त्वांड पुसता पुसता त्यातनं बायकू दिसती." मामी करमाळ्याकडच्या, धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याकाठी वाढलेल्या. त्या फार बोलत नाहीत. पण बोलल्या की ऐकणाऱ्याला बसायला जागा लागते.

निवृत्त झाल्यावर मामांनी आपल्या दोन खोल्यांच्या घराला तिसरी खोली जोडली. लोक वाढवतात ती मुलासुनेसाठी. मामांना मूलबाळ नाही. त्यांनी वाढवली ती उजेडासाठी. उत्तरेच्या अंगाला भिंतभर खिडकी, खाली कारखान्याने मोडीत काढलेलं त्यांचंच लांब टेबल, आणि बाकी काही नाही. "सकाळचा उजेड खुशामत करतो, संध्याकाळचा चहाडी करतो," ते म्हणायचे, "उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही." हळूहळू वस्तीतल्या बायका साडी पसंतीला घरी आणली की आधी त्या टेबलावर आणू लागल्या. चादरी यायच्या, शाळेचे गणवेश यायचे, एकदा एकीने व्याह्यांकडून आलेलं धोतर आणलं आणि मामांनी 'सेकंड', म्हणजे दुय्यम प्रतीचं, असा शेरा दिल्यावर ती समाधानाने घरी गेली. पैशाचा प्रश्नच नव्हता. खिडकीसमोर कापड धरून उभे असलेले मामा बाहेरून दिसत नसत. दिसायचं फक्त उजेडाने भरलेलं कापड आणि त्याला फुटलेले दोन हात. माझ्या मुलीने तसा एक फोटो काढला आणि त्यांच्या मोबाइलवर लावून दिला. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कारण ती सहज म्हणाली, "अज्जा, आता तुमचा डीपी मस्त दिसतोय." मामा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. आयुष्यभर ज्या दोन अक्षरांनी त्यांनी खराब माल बाजूला काढला, ती अक्षरं लोक आपल्या तोंडाला लावतात, आणि वर मस्त म्हणतात, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यातच मामींच्या भावाचा जेऊरकडून फोन आला : "दाजी, आमची डीपी जळाली. चार दिस झालं मोटरी बंद हाईत, केळी वाळाय लागल्या." मामांनी विचारलं, डीपी झाल्यावर तो पीस ठेवलाच कशाला, तेव्हाच बाजूला काढायचा. पलीकडून मेव्हण्याने जे उत्तर दिलं ते मामींनी फोन हिसकावून घेतल्यामुळे अर्धवट राहिलं. गावाकडे विजेच्या खांबावरच्या पेटाऱ्याला डीपी म्हणतात, आणि तो जळाला की गावच्या लोकांना तो स्वतः उतरवून ट्रॅक्टरमधून दुरुस्तीला न्यावा लागतो, हे मामांना वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातलं जुनं तपासणीचं रजिस्टर काढलं. त्यात रकाने आखलेलेच होते : माल, दोष, शेरा. त्यांनी 'माल' खाली डीपी लिहिलं आणि जगात ही दोन अक्षरं कोण कुठे कशासाठी वापरतो, याची तपासणी सुरू केली. आपल्या खडूची मालमत्ता कुणाकुणाच्या घरात गेलीय याची चौकशीच म्हणा. भेटेल त्याला ते विचारत, "तुमच्यात डीपी म्हणजे काय?" रिक्षावाल्याला विचारलं, पुरोहिताला विचारलं, गॅसची टाकी आणणाऱ्याला विचारलं. टाकीवाल्याने विचार करून सांगितलं की आमच्यात काही नाही. तर त्याचं नाव लिहून पुढे शेरा : 'निर्दोष'. माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला. तिने फोनवर सांगितलं की आमच्यात डीपी म्हणजे मोठं गणित सोडवायची एक रीत, आधी छोट्या गणितांची उत्तरं काढायची आणि लिहून ठेवायची, म्हणजे पुन्हा करावी लागत नाहीत. मामांनी नोंद केली : 'पास. आमीबी असंच करत होतो.' फोटोवाल्या डीपीपुढे शेरा होता : 'सरळ बाजूच फक्त.' आणि गावच्या जळणाऱ्या डीपीपुढे : 'नावाप्रमाणे.'

त्यांच्या मनाला लागला तो एकच अर्थ. कारखान्यात वरच्या मजल्यावर परदेशी माल पाठवायचं ऑफिस होतं. तिथल्या जुन्या क्लार्कने एका लग्नात भेटल्यावर सहज सांगितलं की आमच्यात डीपी म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे भरले की मगच बँकेने मालाचे कागद त्याच्या हातात द्यायचे, तशा बोलीचा सौदा. वर त्या क्लार्कने हसून हेही सांगितलं की आम्हाला डीपी आला की आनंद व्हायचा. मामा जेवले नाहीत. एकाच इमारतीत, मध्ये अठरा पायऱ्यांचा जिना, आणि खाली आपण ज्या अक्षरांनी मालाची लाज झाकत होतो त्याच अक्षरांवर वर पेढे वाटले जात होते. "एकतीस वर्षं," ते मला म्हणाले, "कुणी खाली येऊन सांगितलं नाही." त्यापुढचा शेऱ्याचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

उलट दुसऱ्या एका अर्थावर ते खूश झाले. साखरेच्या आजारासाठी डॉक्टर दर तीन महिन्यांनी त्यांचे पाय तपासायचे. एकदा पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून डॉक्टर शेजारच्या नर्सला म्हणाले, "डीपी चांगली लागतेय." मामा टेबलावर ताडकन उठून बसले. डॉक्टर भला माणूस. त्याने त्यांचीच दोन बोटं धरून पावलावर ठेवली आणि तिथली नाडी दाखवली. पायाकडे रक्त पोचतंय की नाही ते तिच्यावरून कळतं, तिला आमच्यात डीपी म्हणतात, असं सांगितलं. असण्याने बरं वाटावं असा हा एकच डीपी मामांना भेटला. पुढे गप्पांमध्ये मध्येच वाकून ते स्वतःची नाडी तपासू लागले. रजिस्टरमध्ये लिहिलं : 'चालू आहे.'

आणि मग दोन वर्षांपूर्वी वस्तीत जो तो बोलू लागला, "डीपी जाहीर झालाय. डीपीत कुणाकुणाचं जातंय बघा." मामांनी मला फोन केला. त्यांना वाटलं, संग्रहात एक भर पडली. मलाही तेवढंच वाटलं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. आद्याक्षरं, संक्षेप, त्यांचे विस्तार या गोष्टींवर मी पाऊण तास बोलू शकतो, आणि कुणी न विचारता बोलतो. मी त्यांना फोनवरच सांगितलं की डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा, पुढच्या वीस वर्षांत कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे शाळा. कुणाची जागा त्यात जात असेल तर त्याने महिन्याभरात लेखी हरकत घ्यायची, मग त्याचं म्हणणं ऐकून घेतात. मामा म्हणाले, "आपलं जातंय का?" मी म्हणालो, "मी बघतो की. तुम्ही कशाला उन्हात जाता."

गेलो. महापालिकेत मामांच्या भागातून जाणाऱ्या नव्या रस्त्यात येणाऱ्या जागांच्या नंबरांची यादी होती, तिची झेरॉक्स शेजारच्या दुकानात मिळत होती. लांबलचक कागद, बारीक आकडे. स्कूटरवर बसल्या बसल्या मी बोट लावून वरून खालपर्यंत वाचलं. मामांचा नंबर नव्हता. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तीन अक्षरं होती : कृ. मा. प. म्हणजे कृपया मागे पहा. सव्वीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये उभा राहून घसा फोडून पोरांना सांगत आलो आहे की प्रश्नपत्रिका मागेही छापलेली असते, खाली कृ. मा. प. लिहिलेलं वाचा, दरवर्षी चार गाढवं अर्धाच पेपर सोडवून उठतात. त्या दिवशी पाचवं गाढव स्कूटरवर बसलं होतं. मी कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

मामा टेबलापाशी बसले होते. मी कागद उघडून, हवेत हलवून सांगितलं, यात तुमचा नंबर नाही, निर्धास्त राहा. त्यांनी हात पुढे केला. तळवा वर, बोटं थोडी मिटलेली. टॉवेल घ्यायला करायचे तसा. मी हसलो आणि म्हणालो, "मामा, मी बघितलंय की." तो हात तसाच एक क्षण राहिला आणि मग मागे गेला. मामांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "तुमच्या अक्षरात लिहा," म्हणाले. मी लिहिलं : डीपी, विकास आराखडा. आणि शेऱ्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरांत : 'आपला संबंध नाही.' खाली दोन रेघा मारल्या. मामींनी शेंगापोळी केली होती. मी दोन खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं.

महिना गेला. मामांच्या शेजारच्या टेलरने तोच कागद आणला होता, तो उलटून पाहिला होता, आणि त्याने हरकत घेतली. त्याला बोलावून म्हणणं ऐकून घेतलं गेलं. त्याच्या बाजूला रस्त्याची रेघ थोडी सरकली आणि त्याचं दुकान वाचलं, फक्त पायऱ्या गेल्या. मामांच्या घराबद्दल कुणाचंच काही म्हणणं आलं नव्हतं, त्यामुळे तिथे रेघ होती तिथेच राहिली. हे मला नंतर कळलं. मामांना कळलं ते एका सकाळी, दोन माणसं टेप आणि लाल रंग घेऊन आली तेव्हा. मामांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की तुमचं काहीतरी चुकलंय, आमचा संबंध नाही, आमच्या जावयांनी बघितलंय. खात्री पटावी म्हणून रजिस्टर दाखवलं. त्या बिचाऱ्यांनी माझं अक्षर वाचलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि आपल्याजवळची यादी काढून उलटी केली.

मामांनी फोनवर एवढंच म्हटलं, "जावईबापू, तो कागद घेऊन या."

कागद माझ्या दुसऱ्या पँटच्या खिशात घडीसकट होता. मी तो दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, सरळ बाजूवरून तळहात फिरवला, मग उलटला. मागच्या बाजूला तिसऱ्या ओळीत त्यांचा नंबर होता. उजेडाला धरायचीसुद्धा गरज नव्हती.

"हे तवाबी इथंच होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं," मी म्हणालो.

त्यांनी त्या ओळीवर अंगठा ठेवला. मला वाटलं आता बोलतील, आणि मला ते हवंही होतं. चोवीस वर्षांत मला त्या घरात कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं, आज मी तो झेलायला तयार होऊन आलो होतो. ते म्हणाले, "चूक माजी. चेकर मी. पण जावयाच्या हातातला कागद उलटून बघायचा, ते बरं दिसत न्हाय. त्यातनं तुमी शिकलेले." मग कागदाची घडी घालत, "आमच्यात जावयाचा शब्द उलटून बघत न्हाईत."

मी धावपळ केली नाही असं नाही. रात्रंदिवस जागून, मुदत संपल्यानंतरची विनंती म्हणून मी एक अर्ज लिहिला. चार पानी. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम गद्य आहे. 'उत्तरेचा उजेड' यावरच दीड पान होतं. तो ज्याच्या टेबलावर गेला तो माझा विद्यार्थी निघाला. त्याने उठून मला खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज शांतपणे वाचला, प्रत्येक पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि म्हणाला, "सर, मुदत संपलीय." तो चांगला विद्यार्थी होता. पेपर पूर्ण सोडवायचा.

खोली पाडली तेव्हा मामांनी खिडकीची चौकट आदल्या दिवशीच स्वतः काढून ठेवली. उरलेल्या दोन खोल्यांत लांब टेबल बसेना. कापून अर्धं करू म्हटलं तर नको म्हणाले. ते टेलरला देऊन टाकलं. टेलर त्यावर आता कटिंग करतो. मोबदल्याचे कागद आले, त्यात 'टीडीआर', म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे बांधकामाचा हक्क, असा शब्द होता. वर्षभरापूर्वी मामांनी त्याचा अर्थ विचारायला अर्धं सोलापूर पालथं घातलं असतं. त्यांनी मी दाखवलं तिथे सही केली. मी म्हणालो, "मामा, मागची बाजू बघा." ते म्हणाले, "तुमी बघितली न्हवं?" टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

त्यानंतर माझ्या ध्यानात यायला लागलं की मामांनी वस्तू उलटायचं सोडून दिलं आहे. आमच्याकडे जेवायला आले तर ताट जसं ठेवलं तसं राहिलं. पत्रिका आली तर पुढून वाचली आणि ठेवली. बायका साड्या घेऊन येईनाशा झाल्या. येणार कुठे, उजेड होता तिथून आता सिटी बस जाते. सुतारकामासारखी नीट कापलेली घराची एक बाजू रस्त्याला लागून उभी आहे आणि तिच्यावर अजून आतल्या खोलीचा निळसर रंग आहे. माझी बायको घरातलं प्रत्येक बिल आता मला दोन्ही बाजूंनी वाचून दाखवायला लावते.

परवाच्या रविवारी मला एक कल्पना सुचली. माझ्या कल्पना अशाच असतात. मी बाजारात फुटपाथवर बसणाऱ्याकडे गेलो आणि म्हणालो, एक खराब टॉवेल दे. तो म्हणाला सगळे चांगले आहेत. मी म्हणालो, चांगला नको, खराबच दे. माझ्याकडे तो ज्या नजरेने बघत होता ती सोडून देऊ; पण दहा टॉवेल उलटेपालटे करून मी एक शोधला, वरून फुलासारखा आणि मागून चार बोटं धागा सुटलेला. मामांना तो दिसेल, ते म्हणतील डीपी, मला दोन शब्द सुनावतील, खिशातला खडू काढतील, असा बेत होता. तो टॉवेल छान कागदात गुंडाळून मी गेलो.

मामा दारात खुर्ची टाकून बसले होते. समोरून वाहनं जात होती, धूळ उडत होती. एकेकाळी जिथे खिडकी होती त्या जागेकडे, म्हणजे रस्त्याच्या साधारण मध्यावर, ते बघत होते. मी टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कागद सोडला. तळहात फिरवला, हळूहळू, या काठापासून त्या काठापर्यंत, आजारी पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. आता उलटतील. त्यांनी टॉवेलची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि म्हणाले, "चांगला हाय."

मग खाली वाकून त्यांनी पावलावर दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. सिटी बस गेली तेव्हा उचलली आणि पुन्हा ठेवली, बसच्या हादऱ्यात नाडी कळली नसावी. मोबाइल त्यांच्या खिशातून डोकावत होता. त्यावर मुलीने लावलेला तो फोटो अजून आहे : उजेडाने भरलेलं कापड आणि दोन हात. काही तरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "लागतेय ना मामा?" ते म्हणाले, "चालू हाय."

मामी चहा घेऊन बाहेर आल्या. कप माझ्या हातात दिला, टॉवेल मामांच्या मांडीवरून उचलला, झटकला, आणि उलटला. सुटलेल्या धाग्यातून त्यांनी बोट घातलं, ते पलीकडून बाहेर काढलं आणि जरा वेळ त्या बोटाकडे बघितलं. मग बघितलं माझ्याकडे.

"एकतीस वर्सं चेकर हुते," मामी म्हणाल्या. "ह्यांनी पास केल्याला एकच पीस खराब निगाला बगा. च्या घ्या, निवतूय."